हिऱ्याचा पापुद्रा

आमच्या डब्यातल्या बायकांना एकमेकींच्या डब्यातली भाजी झाकण उघडायच्या आधी माहीत असते, मग नोकरी माहीत नसेल का? अकोल्याहून सकाळच्या गाडीनं निघायचं, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती. कोणी बँकेत, कोणी जिल्हा परिषदेत, मी कॉलेजात मराठी शिकवते. फक्त कहकशाँ काय करते हे इतकी वर्षं शेजारी बसूनही कोणाला धड सांगता येत नसे. ती माझ्याच कॉलेजातली. पदार्थविज्ञान शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचा पगार आणि उन्हाळ्यात ठणठण गोपाळ. तास संपले की प्रयोगशाळेत पीएच.डी.चं काम. वय चाळिशीला टेकलेलं. लग्नाचा विषय तिनं आणि घरच्यांनी एकमेकांच्या संमतीनं सोडून दिलेला. घरी फक्त आई; आम्ही सगळ्या त्यांना अनवरीखाला म्हणतो.

एकदा प्राजक्तानं, म्हणजे आमच्या बँकवालीनं, तिला सरळच विचारलं, "काय वं, तू दिवसभर त्या खोलीत कोंडून घेऊन करते तरी काय?"

"पोलादावर थर चढवतो. हिऱ्यासारख्या कार्बनचा."

हिरा म्हटल्याबरोबर पेंगणाऱ्या सगळ्या जाग्या झाल्या. "मंग आमाले एकेक कुडी तं दे घडवून!" असा गलका झाला. कहकशाँ हसली. ती हसली की तोंडापेक्षा डोळेच जास्त थकलेले दिसायचे. म्हणाली, "दिसाले काळपट असते तो. घालसान तं लोक म्हणतीन, मॅडम, कानाले काजळी लागली."

मला यातलं जे कळलं ते असं. हिरा कार्बनचा आणि पेन्सिलीतलं शिसंही कार्बनचंच. एका बंद भांड्यातली हवा पंपानं ओढून काढायची, त्यात कार्बन असलेला वायू जरासा सोडायचा आणि विजेचा झटका द्यायचा. भांड्यात जांभळा उजेड पडतो आणि त्यातला कार्बन खाली ठेवलेल्या पोलादाच्या चकतीवर बसत जातो. जो थर तयार होतो तो केसापेक्षा कितीतरी पातळ, पण गुण घेतो दोघांचे: टणकपणा हिऱ्याचा, गुळगुळीतपणा शिशाचा. हा थर जिनिंगच्या यंत्रातल्या सुऱ्यांवर चढवायचा असा कहकशाँचा बेत होता. सरकी काढताना त्या सुऱ्या रुळावर घासून घासून तापतात, झिजतात, कधी कापसात ठिणगीही पडते. अकोल्यात जन्मलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मला तो बेत आवडला होता. आमच्या कॉलेजात बाकीचे लोक ज्या विषयांवर डॉक्टर होतात ते विषय त्यांचे त्यांनाही आठवत नाहीत.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. तिचा थर पोलादाला असा चिकटायचा की सुईनं ओरखडलं तरी निघायचा नाही. तिचे गाईड गावंडे सर खूश होते. दोघांच्या नावानं तीन शोधनिबंध छापून आले, त्यातला एक परदेशातल्या नियतकालिकात. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "आपल्या वऱ्हाडातल्या लॅबमंदी होते हे काम," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कहकशाँ मागे उभी राहून पेढ्यांचा बॉक्स धरून होती.

मग कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी, समिती येणार असं ठरलं. नॅक येणार म्हटलं की आमचं कॉलेज नवरीसारखं सजतं. ज्या भिंतीकडे दहा वर्षं कोणी पाहिलं नाही तिला रंग, ज्या संडासाला कडी नाही त्याला कडी. गावंडे सरांनी त्या झपाट्यात यंत्राची दुरुस्ती मंजूर करून घेतली. नागपूरहून कंपनीचा माणूस आला. त्यानं पंपाचं तेल बदललं, नळ्या बदलल्या, झाकणाखालचं रबर बदललं, भांडं आतून लख्ख पुसलं. समिती आली, यंत्राकडे पाहून मान डोलावून गेली.

त्यानंतर कहकशाँचा एकही थर टिकला नाही.

भांड्यातून चकती काढताना ती छान दिसायची, काळी तुकतुकीत. हवा लागली की थोड्या वेळानं कडेपासून तडे जायचे आणि पापुद्रे उचलायचे. नखानं नाही, फुंकरीनं उडायचे. पहिल्यांदा तिला वाटलं, आजचा दिवस वाईट. मग वाटलं, वायूचं सिलेंडर खराब. सिलेंडर बदललं. मग वीज कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला, मग पोलाद दुसरीकडून आणलं. पाऊस होता म्हणून हवेतल्या ओलीला दोष दिला, तर उन्हाळ्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या कोरड्या भट्टीतही पापुद्रे तसेच.

शेवटी दोष देण्यासारखं एकच उरलं, ते म्हणजे कहकशाँ.

"तुझ्या हाताले घाम येते," गावंडे सर म्हणाले. "चकती धुताना हात लागते तुझा. तेलकट बोट लागलं की थर धरत नसते."

तिनं एकावर एक दोन हातमोजे घालायला सुरुवात केली. चकत्या ॲसिटोननं धुवायची, पुन्हा धुवायची, पुन्हा. नेलपॉलिश काढायच्या त्या द्रावणाचा वास तिच्या ओढणीला कायमचा लागला. मोजे घालूनही बोटांची टोकं पांढरी पडून सोलून निघाली. गाडीत ती भाकरी मोडायची तेव्हा मला ती बोटं दिसायची आणि मला गावंडे सरांचा संताप यायचा. माणूस वाईट नव्हता तो. गुडघे गेलेले, निवृत्ती जवळ आलेली, विभागात तीन जागा रिकाम्या. पण स्वतःला कळेनासं झालं की दुसऱ्याच्या हाताला घाम फोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

"काय वं, जमलं का आज?" मी विचारायची.

"नाई ताई."

असं वर्ष गेलं आणि वर दुसरं अर्धं. नंतर मी विचारणं सोडलं. विचारलं की तिला उत्तर द्यावं लागे, आणि तेवढीही ताकद तिच्यात उरलेली दिसत नव्हती. तिला आता स्वतःच्या हातांचीच भीती वाटू लागली होती. एकदा माझ्या चष्म्याची काच पुसून द्यायला मी तो तिच्याकडे दिला तर म्हणाली, "नका देऊ ताई, माह्या हातानं डाग पडते." मला रडूच आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

एका सोमवारी ती गाडीत चढली ती चेहरा उतरलेला घेऊनच. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, मले समजलं."

झालं होतं असं. रविवारी अनवरीखालांनी डाळ लावली होती. कुकर कडेनं फसफसत होता, शिटी होईना. खाला वैतागून म्हणाल्या, "अच्छीवाली सफेद रिंग तो तू कॉलेज ले गई थी, आज तक वापस नहीं लाई." ही तक्रार कहकशाँ कित्येक वर्षं ऐकत आली होती आणि कित्येक वर्षं "ला देती हूँ अम्मी" म्हणत आली होती. या खेपेला ती भाजी निवडता निवडता थांबली.

संशोधनाच्या पहिल्याच मे महिन्यात यंत्राच्या झाकणाखालचं रबर उन्हानं तडकलं होतं. नवीन मागवायचं तर तीन कोटेशनं, स्टोअरची सही, प्राचार्यांची सही, आणि कॉलेजला सुट्ट्या. कहकशाँनं झाकणाचं माप घेतलं, घरच्या कुकरची रिंग बरोबर त्या मापाची निघाली. नव्या घेतलेल्या दोनपैकी एक ती घेऊन गेली. आजच्या दिवसापुरती. आपल्याकडे आजच्या दिवसापुरतं केलेलंच जन्मभर टिकतं. रिंग बसली, बाहेरची हवा आत शिरेना, काम सुरू झालं, आणि ती तिथे आहे हेच सगळे विसरले. गावंडे सरांना तर कधी माहीतच नव्हतं. ती रिंग बसलेली असतानाच तीन शोधनिबंध झाले. नॅकच्या वेळी नागपूरच्या माणसानं ती काढून भंगारात टाकली आणि यंत्राची खरी, काळी रिंग बसवली.

"पण रिंगनं काय फरक पडते?" मी विचारलं. "झाकण तं झाकण."

"ते रबर सिलिकॉनचं असते ताई. आतमंदी तापलं की वाफ सोडते. त्या वाफेतला सिलिकॉन माह्या थरात मिसळून राहिला होता. आता पाहा, नुसता कार्बन असला की त्याचे कण एकमेकाले दाबून बसते. आपल्या या तिघींच्या सीटवर पाच जणी बसल्या आणि कोणीच सरकत नाई, तसं. मंग एक धक्का लागला की सगळ्याच खाली. मधात एखादी सरकून घेणारी असली की भागते. ते सरकून घेणं म्हणजे सिलिकॉन."

"मग तपासणीत दिसला नाही का तो?"

"दिसला होता न. तपासणीचे नमुने सिलिकॉनच्याच चकतीवर बनवते. सर म्हणाले, खालच्या चकतीचा असन. मीबी म्हटलं, असन."

त्याच आठवड्यात तिनं बाजारातून कुकरची नवी रिंग आणली आणि बसवली. मला मुद्दाम लॅबमध्ये बोलावलं. चकती बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघी स्टुलांवर बसून राहिलो. चहा आला, चहा संपला, माझा तास बुडाला. थर जागचा हलला नाही. तिनं सुईनं ओरखडला, चिकटपट्टी लावून खस्सकन ओढली. काही नाही. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण तिच्याकडे पाहून हात आवरले. "तीन पेपर चुकले ताई," ती म्हणाली. "आमी लिहिलं शुद्ध कार्बनचा थर असा टिकते. शुद्ध नव्हताच तो."

ती गावंडे सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. ती केबिनमधून बाहेर आल्यावर त्यांचे शब्द तिनं मला जसेच्या तसे सांगितले. "आता काहून उकरून राहिली तू? रिंग सापडली न? बसव, नमुने बनव, थीसिस जमा कर. मी मे महिन्यात रिटायर होऊन राहिलो. त्यानंतर नवीन गाईड, नवीन रजिस्ट्रेशन, सगळं पहिल्यापासून. आणि सिलिकॉन टाकला की थर टिकते, हे जगाले कधीचंच माहीत आहे. तू सांगतलं तं तुले कोण हार घालीन?"

शेवटचं वाक्य खरं होतं, तेच जास्त लागलं. खरं दडवलं तर पदवी, खरं सांगितलं तर त्यात नवीन काही नाही. हिऱ्यामागे धावून हाती कोळसासुद्धा नाही.

मी तिला काय सांगितलं? स्पष्टच सांगते, मी सरांच्या बाजूनं बोलले. म्हटलं, "जमा कर. तू काही चोरी नाही केली. पदवी मिळू दे, पक्की नोकरी लागू दे, मग काय सुधारायचं ते सुधार." माझं आजही तेच मत आहे. सहा-सात वर्षं या गाडीचे धक्के खाल्लेल्या बाईला मी दुसरं काय सांगणार? ती "हाव ताई" म्हणाली. पटलं म्हणून नाही, वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून. कुकरची रिंग घालून तिनं नमुने बनवले. प्रबंधात लिहिलं, शुद्ध कार्बनचा थर. प्रती बांधायला गेल्या.

त्या दिवसांत तिला रायपूरहून एका मुलीचा मेल आला. करिश्मा नाव. तिचाही पीएच.डी.चा विषय हाच. तिनं लिहिलं होतं की मॅडम, तुमच्या पेपरमध्ये जसं दिलंय अगदी तसंच करतेय, वायू तोच, वीज तेवढीच, तरी थर सुटून येतो. माझे सर म्हणतात तुझी सफाई नीट नाही, हाताला घाम येतो. तुम्ही चकत्या कशा धुता ते कृपा करून सांगाल का?

कहकशाँनं फोन माझ्यापुढे धरला. मी वाचलं. मग मीच म्हटलं, "जमा झाल्यावर लिही तिला." ती म्हणाली, "हाव." दर दोन-चार दिवसांनी ती तो मेल उघडायची आणि बंद करायची. मी पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची.

प्रबंध जमा करायचा दिवस आला. लाल बांधणीच्या प्रती पिशवीत, सरांची सही झालेली, विद्यापीठात जायचं आणि पोच घ्यायची एवढंच राहिलेलं. अनवरीखालांनी सोबत शिरखुर्मा दिला होता, सगळ्यांना वाटायला. बडनेऱ्याला उतरलो. ऑटोवाला हाका मारत होता. कहकशाँ फलाटावरच्या बाकावर बसली. म्हणाली, "ताई, त्या पोरीले फोन करतो."

"आता? अगं, जमा तर कर आधी."

"आताच करतो. जमा केल्यावर माह्यानं नाई होणार."

मेलच्या खाली नंबर होता. फोन लागला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. कहकशाँनं नाव सांगितल्यावर पलीकडून मुलगी इतकी दबून, इतक्या अदबीनं बोलायला लागली की मलाच कसंतरी झालं. कहकशाँ म्हणाली, "बेटा, उस पेपर में एक बात रह गई है." आणि तिनं कुकरच्या रिंगची सगळी गोष्ट सांगितली, मे महिन्यापासून नॅकपर्यंत, काही न वगळता.

मग ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मैंने तो पिछले महीने छोड़ दिया."

"क्या छोड़ दिया?"

"पीएच.डी. घरवाले भी बोलने लगे थे कि तुमसे नहीं होगा. अब कोचिंग में पढ़ाती हूँ." मग तिनं विचारलं, "मॅडम, मतलब मेरे हाथ में कोई खराबी नहीं थी?"

"नहीं बेटा. तुम्हारे हाथ बिल्कुल ठीक हैं. रिंग मेरी थी."

मग त्या मुलीला रडू फुटलं. मोकळं, मोठ्यानं, हुंदके देत. कहकशाँनं फोन कानापासून दूर नेला नाही की मध्ये बोलली नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा स्वतःचीच लाज वाटली. ऑटो निघून गेला.

फोन ठेवल्यावर ती विद्यापीठात गेली नाही, कॉलेजात गेली. सरांच्या टेबलावर प्रती ठेवल्या आणि म्हणाली, "सर, मी हे जमा नाई करत. तिन्ही पेपर दुरुस्त करा लागते." गावंडे सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माह्या जाण्याच्या वक्ती तू हे करून राहिली." दुरुस्ती छापून आली, दोघांच्या नावानं. मे महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. कहकशाँनं खुर्च्या मांडल्या, हार आणले. सर तिच्याशी बोलले नाहीत.

आता अकोल्यातले एक गाईड मिळाले आहेत. नोंदणी नव्यानं, विषय थोडा वळवून. शुद्ध कार्बनचा थर सुऱ्यांवर कशानं टिकेल हे पुन्हा मुळापासून शोधायचंय, आणि ते नवं असायला हवं. तासिका सुरूच आहेत. यंत्र अमरावतीत, गाईड अकोल्यात, त्यामुळे गाडीही सुरूच आहे. करिश्माला तिनं दोन-तीनदा समजावून पाहिलं की परत ये, मी मदत करते. ती म्हणाली, अब मन नहीं करता मॅडम.

परवा मूर्तिजापूरच्या आसपास माझा तोल गेला. ती पुन्हा त्याच ॲसिटोनच्या वासात, पुन्हा तीच सोललेली बोटं घेऊन बसलेली. मी म्हटलं, "मला एक सांग. सर दुखावले, पदवी गेली, ती पोरगीही परत आली नाही. तुला मिळालं तरी काय त्या फोननं?"

ती चिडली नाही. म्हणाली, "त्या पोरीले रडाले तं भेटलं ताई. तुझे हात बरोबर आहे, असं मले अजून कोणीच सांगतलं नाई."